खोपटातली मंडळी

कुंडलच्या हंबीररावांच्या घरात उंदीर हा शब्द काढायला बंदी होती. नाव घेतलं की त्यांना ऐकू जातं आणि ऐकू गेलं की ते चौपट होतात, असं हंबीररावांच्या आईनं सांगून ठेवलेलं. आईचं सांगणं सोळा आणे खरं मानायचं हा फौजेतून हवालदार होऊन परतलेल्या हंबीररावांचा नियम तिथल्या नियमांपेक्षाही जुना. म्हणून घरात सगळे ‘मंडळी’ म्हणायचे. रात्री मंडळी आलती, मंडळींनी रताळी उकरली, मंडळींनी ठिबकची नळी फोडली. ऐकणाऱ्याला वाटावं, घरात लग्नकार्य निघालंय. आपण काही त्या घरातले नाही, तेव्हा आपण सरळ उंदीरच म्हणू. त्यांची लायकीही तेवढीच.

हंबीररावांची बायको लीलाबाई साठीला टेकलेली बाई. घरामागची परसबाग हे त्यांचं राज्य. अळू, कढीपत्ता, भुईमुगाचे दोन वाफे, रताळ्याचा वेल, कडेला एक नारळ आणि मधोमध काळ्या द्राक्षाचा लहानसा मांडव, त्याला लागून एक खोपट. लीलाबाई तशा सोवळ्याओवळ्यातल्या नव्हत्या, पण घाणीच्या बाबतीत भलत्या नाजूक. भाकरीच्या पिठात एक किडा सापडला तर अख्खं पीठ म्हशीला. अशा बाईच्या बागेत गेल्या दिवाळीपासून उंदीर राहायला आले, म्हणजे बघा.

आणि आले ते साधेसुधे नाही. सकाळी लीलाबाई भुईमुगाच्या वाफ्यात पाय टाकायच्या तो पायाखालची माती भसकन खाली जायची, इतकी जमीन पोखरलेली. अळूच्या पानावर लेंड्या, पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर लेंड्या, धुणं वाळत घालायच्या तारेखाली लेंड्या. कढीपत्ता तोडायला हात घातला की आधी वास यायचा, उंदराच्या मुताचा तो उग्र, गोडसर, घशात बसणारा वास. लीलाबाईंनी आमटीत कढीपत्ता घालायचं सोडलं. मग अळू सोडलं. माघ सरेपर्यंत आपल्याच बागेतलं काही तोंडात घालायची त्यांची हिंमत राहिली नव्हती.

उपाय काय कमी केले? आधी पिंजरा लावला. त्यात खोबऱ्याचा तुकडा टांगला. खोबरं रोज जायचं, पिंजरा रोज रिकामा. मग सून मयूरीनं मोबाईलवरून गोंदाचा पुठ्ठा मागवला. ती साताऱ्यात वाढलेली, तिला असल्या गोष्टी माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठ्यावर हा ढब्बू उंदीर, जिवंत. चारी पाय चिकटलेले, शेपटी चिकटलेली, सुटायच्या धडपडीत एका बाजूचा गालही चिकटलेला. भीतीनं त्यानं खालीच सगळं केलं होतं आणि त्यातच तो पोट घासत होता. लीलाबाई जवळ गेल्या तसा तो ओरडला. उंदराचा चीं चीं आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, हा तसला नव्हता. फावड्यावर घेऊन तो पुठ्ठा बादलीत बुडवायचं काम शेवटी लीलाबाईंनाच करावं लागलं, कारण मयूरी पदर तोंडाला लावून घरात पळाली होती. दोन दिवस लीलाबाईंच्या घशाखाली भाकरी उतरली नाही.

मग मुलगा शंभूराज म्हणाला, बिळात पाणी सोडू. मोटरीचा पाईप बिळात घातला. पाच मिनिटं जमीन नुसतं पाणी पीत राहिली. मग नारळाच्या बुडातून मादी बाहेर पडून पळाली आणि तिच्या मागोमाग पाण्यावर तरंगत पिल्लं वर आली. नऊ होती. बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे न उघडलेली, कातडी इतकी पातळ की पोटात प्यालेलं दूध पांढरं दिसत होतं. बाजूला कोंबड्या चरत होत्या. त्यांनी ती एकेक करून उचलली. लीलाबाई बघत राहिल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी अंडी खायची सोडली.

“आत्या, औषध घालूया सरळ,” मयूरी म्हणाली. “गोळ्या मिळतात. एका रात्रीत साफ.”

पण औषधाला हंबीररावांची ना. “देवाच्या खोपटापाशी इख घालता व्हय? हात झडतील.”

हे देवाचं खोपट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं होतं. हंबीरराव तरणेताठे असताना फौजेत गेले आणि पहिल्यांदा सीमेवर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या आईनं म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलला होता. पोरगं धडधाकट घरी आलं तर परसातल्या काळ्या वेलाचा माल दर साल तुझा. पोरगं आलं. तेव्हापासून बेचाळीस वर्षं दर चैत्रात त्या मांडवाचा पाच किलो काळा बेदाणा म्हसवडला जात होता. वेल दोनदा बदलला, पण कलम त्याचंच.

आईनं नवसाबरोबर नियमही घातले होते. असले नियम कुठल्या पोथीत नाहीत आणि देवळातही ते कुणी मागत नाही, पण या घरात ते होते. देवाचा माल विकायच्या हिरव्या मालात मिसळायचा नाही. शेतातल्या मोठ्या शेडमध्ये वाळवायचा नाही, बागेतल्या खोपटातच वाळवायचा. तो निवडायचा नाही, चाळायचा नाही, चाखायचा तर मुळीच नाही. मांजरपाटाच्या पिशवीत भरून घरधन्यानं तिचं तोंड शिवायचं आणि ती खोपटाच्या तुळईला टांगून ठेवायची. उसवायची ती देवापुढंच. नैवेद्य दाखवला की पहिली मूठ बायकोनं नवऱ्याला द्यायची, त्यानं तिथंच खायची आणि मग उरलेला सगळ्यांना वाटायचा.

म्हणजे अख्ख्या बागेत उंदीर नाचत होते आणि बागेच्या मधोमध गोड बेदाण्याची पिशवी पंधरा दिवस टांगलेली, तिच्याकडं कुणी बघायचं नाही, हात लावायचा नाही आणि खाली औषधही घालायचं नाही. लीलाबाईंनी दोनदा सुचवून बघितलं, पिशवी घरात पत्र्याच्या डब्यात ठेवू. हंबीररावांनी दोन्ही वेळा नुसतं बघितलं. त्यांच्या बघण्याचा अर्थ लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईला वेगळा सांगावा लागत नाही.

चैत्रातल्या दुसऱ्या रविवारी निघायचं ठरलं. सकाळी सातला बोलेरो दारात. शंभूराजनं काच पुसली, मयूरीनं नारळ आणि हार घेतले, सहा वर्षांची नात ज्ञानदा नवा परकर नेसून आरशापुढून हलेना. लीलाबाई पिशवी आणायला खोपटात गेल्या.

दोरी सोडून पिशवी खाली घेताना पायावर टपटप काहीतरी पडलं. बेदाणा सांडला, असं वाटून त्यांनी वाकून एक दाणा उचलला आणि बोटांत दाबला. बेदाणा दाबला की मऊ लागतो, बोटाला चिकटतो. याचा चुरा झाला.

लीलाबाईंनी हात झटकला, मग पदराला पुसला, मग पदराचीच किळस येऊन पदर लांब धरला. पिशवीच्या बुडाशी आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक होतं. भोवतीचं कापड पिवळं पडून कडक झालेलं. त्यांनी श्वास रोखून बोटानं भोक फाकवलं. आत काळ्यात काळं. बेदाणा कुठला आणि लेंडी कुठली, डोळ्याला कळेना. दोन्ही तेवढेच, दोन्ही सुरकुतलेले. खालचा थर तर मुतानं भिजून गूळ पाघळावा तसा गोळा झाला होता आणि त्या गोळ्यात उंदराचे करडे केस चिकटले होते. लीलाबाई बाहेर येऊन कढीपत्त्याच्या बुंध्याशी वाकल्या. सकाळचा चहा सगळा बाहेर पडला.

चूळ भरून त्या घरात गेल्या. हंबीरराव फेट्याचा शेव खोचत होते.

“आवं, पिशवी नासली.”

“नासली म्हंजी?”

“मंडळी शिरली आत. लेंड्याच लेंड्या हायत. मुतल्यात बी.”

हंबीररावांनी आधी दाराकडं बघितलं. “हळू बोल.”

“शेडातला हिरवा घिऊ पाच किलो. कालच पेटीत भरलाय, निवडून.”

“बेचाळीस वर्सं काळा जातोय. आज हिरवा बघितला की आक्का इचारंल, काळा का न्हाई. आक्कानं इचारलं म्हंजी म्हसवडनं कुंडलापतुर समद्यांनी इचारलं.”

आक्का म्हणजे हंबीररावांची थोरली बहीण, म्हसवडला दिलेली. दर वर्षी शेजारपाजारच्या दहा बायका-पोरं घेऊन देवळापाशी वाट बघत उभी राहायची. सीमेवर उभं राहायला न भ्यालेला हा माणूस बहिणीच्या तोंडाला मात्र लय भ्यायचा.

“मग आज मोकळ्या हातानं जाऊ,” लीलाबाई म्हणाल्या. “देवाला सांगू खरं काय ते.”

“मोकळ्या हातानं? नवसाला? आन् लोकास्नी काय सांगू, हवालदाराच्या घरात देवाचा घास ऱ्हात न्हाई म्हणून?”

“आवं, प्वारं खात्यात त्यो परसाद. आपली ज्ञानदा खाती.”

“वरनं वरनं निवड. खालचं हाय तसं ऱ्हाऊ दे. एवढ्या मालात चार दाणं कुणाला कळत्यात? आन् एकदा देवाम्होरं ठिवलं की समदं पवितर हुतंय. जा, येळ हुतोय.”

निवडायचं नाही हा आईचा नियम एवढ्यात कुठं गेला, हे लीलाबाईंनी विचारलं नाही. त्यांनी तोंड उसवून परातीत वरचा थर ओतला आणि खिडकीच्या उजेडात निवडायला बसल्या. मऊ लागला तो ठेवायचा, टणक लागला तो टाकायचा. दर चार दाण्यांनंतर त्या उठून हात धुऊन यायच्या. खालच्या गोळ्याला त्यांनी हात लावला नाही. हंबीररावांनी भोकावर ठिगळ दिलं, निवडलेलं परत वर भरून तोंड शिवलं. फौजेत शिकलेला हात, टाका न टाका सारखा. पिशवी अशी देखणी दिसायला लागली की बघणाऱ्यानं हात जोडावेत.

गाडीत पुढं शंभूराज आणि मयूरी, मागं हंबीरराव, लीलाबाई आणि दोघांच्या मधे ज्ञानदा. पिशवी लीलाबाईंच्या मांडीवर. विटा गाव मागं पडेपर्यंत ऊन तापलं आणि पिशवीतून तो वास हळूहळू वर यायला लागला. मयूरीनं काच खाली केली. “कसला वास येतोय?” तिनं विचारलं. हंबीररावांनी आपल्या बाजूचीही काच खाली केली.

“आज्जी, एक दे की बेदाणा,” ज्ञानदानं पिशवीवर हात ठेवला.

“देवाआधी खायचं न्हाई.” लीलाबाईंनी तो हात असा झटकला की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूचा तो नियम लीलाबाईंना आजवर नुसता जाच वाटायचा. आज त्यांनी त्यालाच मनातून हात जोडले.

पण देवानंतर काय? देवानंतर ही पोरगी ओंजळ पुढं करणार, आक्काच्या गल्लीतली पोरं ओंजळ पुढं करणार, आणि आपण त्यात वाढणार. लीलाबाईंनी मायणी ते म्हसवड तेवढाच विचार केला. आपण चारचौघांत तोंड उघडलं तर नवऱ्याची अब्रू गेली. त्यांनी स्वतः उघडलं तर राहील थोडीफार. आणि ते उघडतीलच, कारण पहिली मूठ त्यांची. खालनं मूठ काढायची, डोळ्यांपुढं धरायची. ती बघून कुठला माणूस तोंडात घालेल? काहीतरी सांगून वाटप थांबवतील. एवढं ठरवल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

देवापुढं पिशवी उसवली तेव्हा लीलाबाईंनी मान वर केली नाही. दर्शन घेऊन सगळे बाहेर झाडाच्या सावलीत आले. आक्का होतीच, बायका होत्या, आणि पोरं तर नेहमीपेक्षा जास्तच. कुंडलचा काळा बेदाणा आला म्हणून सगळी रेटून पुढं आली.

“चल गं लीला, दे घरधन्याला मूठ,” आक्का म्हणाली. “प्वारं खोळंबल्यात.”

लीलाबाईंनी दात आवळले आणि हात कोपरापर्यंत पिशवीत घातला. बोटांना गार, ओलसर गोळा लागला. त्यातून मूठ तोडून त्यांनी ती वर आणली आणि नवऱ्याच्या डोळ्यांपुढं उघडून धरली. उजेडात सगळं दिसत होतं. चिकटलेल्या बेदाण्यांत चार-पाच टोकदार काळ्या लेंड्या आणि एक आखूड करडा केस. मुठीतून वास येत होता.

हंबीररावांनी मुठीकडं बघितलं. मग आक्काकडं बघितलं, तिच्यामागच्या बायकांकडं बघितलं. आणि ओंजळ पुढं करून सगळं तोंडात टाकलं.

त्यांनी ते चावलं. दाढेखाली काहीतरी कुरकुरलं, ते लीलाबाईंना ऐकू आलं. कंठ वर गेला, खाली आला. मिशीवर हात फिरवून हंबीरराव म्हणाले, “लय ग्वाड हाय औंदा. वाट.”

लीलाबाई उभ्याच्या उभ्या राहिल्या. असं होऊ शकतं हे त्यांनी धरलंच नव्हतं. आणि समोर ज्ञानदाची ओंजळ आली, तिच्या मागं दहा-बारा ओंजळी, काही हात मळके, काही नुकतेच धुतलेले.

“आज्जी, आता दे की.”

लीलाबाईंनी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी आवळलं. “हात मागं घ्या,” त्या ओरडल्या. “कुणी खाऊ नगा. उंदीर मुतलाय ह्यात. उंदराच्या लेंड्या हायत.”

आवाज इतका मोठा निघाला की हारवाल्यानंही मान वळवली. शंभूराज आणि मयूरी एकमेकांकडं बघायला लागले. पोरांनी हात मागं घेऊन चड्डीला, परकराला पुसले. आणि मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू हंबीररावांच्या तोंडाकडं वळल्या. इतका वेळ ताठ उभे असलेले हंबीरराव एकदम वळून आवाराबाहेर गेले. भिंतीपलीकडून त्यांचा ओकण्याचा आवाज आला, बराच वेळ.

आक्कानं पिशवीत डोकावून नाक मुरडलं. “शी! मग तसं सांगायचं की गं. माज्या न्हाणीत रोज दोन घावत्यात. फुटाणं आणलं असतं, तरी परसाद झाला असता.” आणि तिनं एका बाईला फुटाणे आणायला पिटाळलं. पोरांनी ते तितक्याच आवडीनं खाल्ले. लीलाबाईंनी पिशवी आवारापासून लांब नेऊन खड्ड्यात पुरली आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, माती लावून, तीनदा.

परतीच्या वाटेवर मायणीच्या अलीकडं हंबीररावांनी गाडी थांबवायला लावली, उतरून चूळ भरली, पुन्हा भरली, बोट घालून जीभ खरवडली. परत येऊन बसले तेव्हा फेटा मांडीवर होता. ज्ञानदा आजोबांच्या दंडाला टेकून पेंगत होती. दोन-तीन मैल गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, पुढच्यांना ऐकू जाणार नाही असं.

“मूठ वरची हुती का खालची?”

“खालची,” लीलाबाई म्हणाल्या. “तुमाला दिसावं म्हणून.”

हंबीररावांनी मांडीवरच्या फेट्याचा शेव बोटाला गुंडाळला.

“दिसलं हुतं,” ते म्हणाले.

दिवाळीपासून लीलाबाईंनी काय काय बघितलं होतं. पुठ्ठ्यावर गाल चिकटलेला तो उंदीर, पाण्यावर तरंगत आलेली ती पिल्लं, पिशवीच्या बुडातला तो गोळा. त्या सगळ्यांची मिळून आली नव्हती एवढी किळस त्यांना आत्ता आली, शेजारी बसलेल्या माणसाची. दिसलं होतं, आणि तरी ‘वाट’ म्हणाला. त्यांनी झोपेला आलेल्या ज्ञानदाला दोघांच्या मधून उचललं आणि आपल्या पलीकडं, खिडकीशी नेऊन बसवलं.